पेटी, कॅसिओ आणि सहा सेल

"मला जुनं संगीत फार आवडतं," असं कुणी म्हणालं की ऐकणारा लगेच मान डोलवतो. त्याच्या डोळ्यांपुढे बालगंधर्व येतात, निदान सैगल तरी. मी असं म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भिंतीतला प्लग येतो. कारण मला आवडतं ते विजेवर चालणारं जुनं संगीत. परवा रात्री १९८२ सालचं असंच एक रेकॉर्डिंग मोबाइलवर लावून मी डोळे मिटून बसलो होतो. चिरंजीव खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, स्पीकर फाटलाय का?"

त्याला काय सांगणार? असल्या आवाजापायी आमच्या घरात एकदा तीन दिवस अबोला झाला होता.

गोष्ट १९९३ सालची. मी चौदा वर्षांचा. गल्लीतल्या गणेशोत्सवात आमचे काका वीस वर्षं पेटी वाजवत होते. गायक बदलले, तबलजी बदलले, अध्यक्ष तर दरवर्षी बदलत. पेटी मात्र काकांचीच. मानधन म्हणजे एक नारळ, एक पंचा आणि लागेल तितका चहा. त्या वर्षी मंडळानं कॅसिओवाला आणला. (तो खरोखर कॅसिओच होता की दुसऱ्या कुठल्या कंपनीचा, देव जाणे. वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसा आपल्याकडे कीबोर्ड म्हणजे कॅसिओ.) शिडशिडीत पोरगा, काखेत इस्त्रीच्या फळीसारखी एक फळी. त्यानं एक बटण दाबलं, ढोलक सुरू झाला. दुसरं दाबलं, बासरी वाजायला लागली. खजिनदारांचा चेहरा उजळला. चार माणसांचं काम एकजण करत होता आणि चहा एकच पीत होता. हे खजिनदार म्हणजे आमचे बाबा.

काका तिसऱ्या रांगेत पेटी पायाशी घेऊन बसले होते. "वीज जाऊ दे, मग बघू," एवढंच म्हणाले. त्या काळात अशी प्रार्थना सहसा फुकट जात नसे. साडेनऊला वीज गेली. माइक मुका झाला. काकांनी पेटी मांडीवर घेतली, भात्याची कडी काढली, घसा साफ केला. आणि अंधारातून कॅसिओचा आवाज येतच राहिला. जरा बारीक झाला होता, पण चालू होता! त्याच्या पोटात सहा सेल होते.

काका पेटी उचलून घरी आले ते बाबांशी तीन दिवस बोलले नाहीत. पुढं कधी गणपतीत वाजवलंही नाही.

त्या रात्री मी वहीत एक निबंध लिहिला. वही अजून आहे. शीर्षक 'यंत्र : संगीताचा काळ'. पहिल्याच वाक्यात तीन उद्गारचिन्हं. 'यंत्रास हृदय नसते' हे एकाच पानावर दोनदा. आज वाचताना कानाच्या पाळ्या गरम होतात. पण खरी गंमत पुढच्या पानावर आहे. तिथं त्याच शाईनं, त्याच रात्री, कॅसिओची किंमत लिहून दरमहा वीस रुपये साठवले तर तो किती वर्षांत घेता येईल याचा व्याजासकट हिशेब केलेला आहे. मी कॉमर्सला जाणार हे बहुधा त्या पानावरच ठरलं. वहीतल्या त्या मुलाला आता मी हसतो, पण तो मला आवडतो. त्याची दोन्ही पानं प्रामाणिक होती. मी मात्र हल्ली पहिलंच पान लिहायला घेतो आणि दुसऱ्याचं कुणाला सांगत नाही.

पुढं वाचत गेलो तसतसं कळायला लागलं की या खटल्यातली फिर्यादी पेटी स्वतःच जुनी आरोपी आहे. हार्मोनियमचं पेटंट १८४२ सालचं, पॅरिसच्या अलेक्झांडर दबँचं. ते भलंमोठं पायपेटीचं धूड. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसवून हातानं भाता हलवायची सोय केली आणि ती इथली झाली. आपल्या नाटकवाल्यांनी तर तिला घरजावयासारखी ठेवून घेतली. 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवाले. आणि तरी १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत! एकतीस वर्षं. आरोप काय, तर ती परदेशी आहे, तिचे सूर ठोकून बसवलेले आहेत, तिला श्रुती कळत नाहीत, आणि तिला मींड घेता येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर गायकाचा गळा घसरत जातो तशी ती जाऊ शकत नाही. ती उडी मारते. थोडक्यात, यंत्रास हृदय नसते. हे मी काकांना सांगितलं नाही. आमच्या घराला आणखी एक अबोला परवडला नसता.

काकांचा हुकमी एक्का होता 'नागिन'मधली पुंगी. १९५४ चा सिनेमा. पेटीवर ती पुंगी वाजवली की पोरं फणा काढून नाचायची. ती पुंगीसुद्धा पुंगी नव्हती. क्लॅव्हिओलाइन नावाचं विजेवरचं फ्रेंच वाद्य होतं ते. वाजवणारे कल्याणजी, आणि जोडीला हार्मोनियमवर रवी. म्हणजे पेटी आणि प्लग, एका पंगतीला! १९६९ मध्ये तर अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझर येऊन बसला होता. अमेरिकेच्या डेव्हिड ट्यूडरनं स्टुडिओ उभारून दिला, गीता साराभाईंसारख्या मंडळींनी त्यावर प्रयोग केले, आणि मग त्या टेपा संस्थेतच पडून राहिल्या, त्या २०१७ मध्ये पुन्हा हाती लागेपर्यंत. बँकेतली रेकॉर्ड रूम पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

आता माझ्या त्या फाटलेल्या स्पीकरकडे येतो. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८१ मध्ये एक चंदेरी डबी काढली. नाव टीबी-३०३. एका नावात क्षयरोग आणि थ्री-नॉट-थ्री दोन्ही, मग ती चालणार कशी? एकट्या-दुकट्या गवयाला बास गिटारवाला परवडत नसेल तर त्याच्या जागी ही डबी वाजावी असा हेतू होता. बास गिटारसारखी ती अजिबात वाजली नाही. तिच्यात सूर भरणं आमच्या पेन्शन विभागाचा फॉर्म भरण्याइतकंच सोपं होतं. १९८४ मध्ये उत्पादन बंद. शिकागोतल्या पोरांनी मग जुन्या बाजारातून ती स्वस्तात उचलली आणि १९८७ मध्ये 'फ्यूचर' या त्रिकुटाच्या रेकॉर्डनं 'ॲसिड हाउस' नावाचा पंथच सुरू केला. आज तीच डबी लाखांत जाते.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी तिच्यावर राग वाजवले होते. आयुष्य सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलेला माणूस. हाताशी टीबी-३०३, तालाला टीआर-८०८, सुरांना ज्युपिटर-८. भैरव, ललत, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. त्या डबीत एक सोय होती : एक सूर दुसऱ्यात घसरत नेता येई. म्हणजे मींड! जी पेटीला येत नाही म्हणून एकतीस वर्षं दाराबाहेर उभं केलं, ती या प्लगवाल्या डबीला येत होती. रेकॉर्ड एचएमव्हीनं काढली आणि कुणी फारशी घेतली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्यानं पुन्हा छापली, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करायला लागले. २०१५ मध्ये ते गेले.

गेल्या महिन्यात ती मोबाइलवर घालून काकांकडे गेलो. काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. पेटी कपाटावर, तिच्यावर औषधांचे खोके. त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि भूप सुरू केला. पहिला मिनिटभर चेहरा बँकेच्या रांगेतल्यासारखा. मग चादरीवर उजव्या हाताची बोटं हलायला लागली. डावा हात भात्यासाठी काहीतरी शोधत होता.

हेडफोन काढून म्हणाले, "मींड बरी घेतोय. कोण वाजवतोय?"

"काका, ते यंत्र आहे."

"ते कळलं रे मला. वाजवतोय कोण, ते विचारलं."

मी नाव सांगितलं. काकांनी मान हलवली, हेडफोन पुन्हा कानाला लावता लावता थांबले आणि विचारलं, "याला सेल किती लागतात?"