वॉलमार्ट

वॉलमार्ट : अमेरिकेतील किरकोळ विक्रीची अवाढव्य साखळी. मुख्यालय बेंटनविल (आर्कान्सा राज्य). सॅम वॉल्टन (१९१८–१९९२) यांनी २ जुलै १९६२ रोजी जवळच्याच रॉजर्स गावात पहिले दुकान थाटले. अमेरिकेत आज तिची सुमारे ४,६०० दुकाने आणि सुमारे १६ लाख कर्मचारी आहेत. खाजगी क्षेत्रात एवढी माणसे नोकरीला असलेली दुसरी कंपनी त्या देशात नाही.

मोठ्या शहरांच्या नादी न लागता लहान गावांत दुकान टाकायचे आणि नगामागे नफा थोडा घेऊन खप वाढवायचा, हा वॉल्टन यांचा हिशेब. भाव पाडायचे तर खर्चाला कात्री लावावी लागते. ती पहिल्यापासून पगाराला लागली. १९६१ मध्ये केंद्रीय किमान वेतन कायद्याच्या कक्षेत ठरावीक उलाढालीपेक्षा मोठे किरकोळ व्यापारीही आले. वॉल्टन यांनी प्रत्येक दुकान ही स्वतंत्र कंपनी असल्याचे दाखवून उलाढालीची मर्यादा चुकवू पाहिली. न्यायालयात ही युक्ती टिकली नाही. सुरुवातीला आपण पगाराच्या बाबतीत कंजूष होतो, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात कबूल केले. १९७१ पासून सर्वसाधारण कर्मचाऱ्यांनाही नफ्यात वाटा मिळू लागला.

कर्मचाऱ्याला येथे ‘असोसिएट’, म्हणजे सहकारी, म्हणतात. १९७५ मध्ये कोरियातील एका कारखान्यात कामगारांची सामूहिक आरोळी ऐकून वॉल्टन यांनी तीच रीत आपल्या दुकानांत आणली. कंपनीच्या नावातली अक्षरे एकेक करून ओरडायची आणि तेव्हा नावाच्या मध्ये असलेल्या संयोगचिन्हापाशी सगळ्यांनी कंबर हलवायची! सहकाऱ्यांनी संघटना बांधलेली मात्र कंपनीला खपत नाही. २००० साली टेक्सासमधील जॅक्सनव्हिल येथील दुकानात मांस कापणाऱ्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मतदान केले. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने अनेक दुकानांतले मांस कापण्याचे काम बंद करून तयार पाकिटे विकण्याचे जाहीर केले. हे आधीच ठरले होते, असे कंपनीचे म्हणणे. कॅनडातील जाँकियेर येथे संघटना झालेले दुकान २००५ मध्ये बंदच झाले.

पुढे वॉलमार्टसमोर ऑनलाइन विक्रेत्यांची स्पर्धा उभी राहिली. त्यांतली ॲमेझॉन १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या आदल्याच वर्षी, टपालाने माल विकून मोठ्या झालेल्या सिअर्सने आपला जाडजूड कॅटलॉग बंद केला होता. व्यापाराच्या इतिहासात असा मुहूर्त क्वचितच कुणी चुकवला असेल. ऑनलाइन विक्रेत्यांना करानेही हात दिला. १९९२ च्या एका निकालामुळे, ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान वा गोदाम नाही, तेथील विक्रीकर वसूल करण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम जून २०१८ मध्ये मोडीत काढला. त्याच वर्षी टॉईज आर अस या खेळण्यांच्या साखळीने अमेरिकेतील दुकाने बंद केली आणि सिअर्सने दिवाळखोरी जाहीर केली.

वॉलमार्ट तगली. २०१५ मध्ये तिने किमान पगार तासाला ९ डॉलर केला, पुढच्या वर्षी १०. पगारवाढ आणि ऑनलाइन व्यवसायातली गुंतवणूक यांमुळे नफा घटणार असे ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर होताच शेअर एका दिवसात सुमारे १० टक्के कोसळला. २०१६ मध्ये तिने जेट ही ऑनलाइन कंपनी ३३० कोटी डॉलरना घेतली, तर २०१८ मध्ये १,६०० कोटी डॉलर मोजून भारतातील फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा. त्याच वर्षी वॉलमार्टचा किमान पगार ११ डॉलर झाला आणि ॲमेझॉनने आपला १५ डॉलरवर नेला. वॉलमार्ट २०२३ मध्ये १४ वर पोचली. केंद्रीय किमान वेतन मात्र जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरच आहे. कमी पगारामुळे कर्मचाऱ्यांना सरकारी अन्नसाहाय्यावर जगावे लागते, हा कंपनीवरचा जुना आरोप. २०२० च्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेच्या अहवालात, पाहणी केलेल्या राज्यांत असे लाभार्थी नोकरीला असलेल्या आघाडीच्या मालकांत वॉलमार्टचे नाव होते.

ऑनलाइन स्पर्धेत कंपनीच्या कामी आली ती तिची जुनीच दुकाने. गिऱ्हाईक फोनवरून ऑर्डर देते. कर्मचारी हातातल्या यंत्रावर यादी बघत, खोक्यांची गाडी ढकलत फळीफळीवरून दूध, केळी, डायपर गोळा करतो आणि पार्किंगमध्ये थांबलेल्या मोटारीच्या डिकीत नेऊन ठेवतो. स्वयंसेवेच्या दुकानात हीच हमाली गिऱ्हाईक इतकी वर्षे फुकट करत होते. आता तिचा तासाने पगार द्यावा लागतो.