एक आर्म गेला आणि आवाजाची जागा बदलली

खड्ड्यातून जाताना गाडीच्या पुढच्या बाजूने ‘खट्’ असा आवाज येतो, तेव्हा मिस्त्री आधी कान देतो आणि मग हात घालतो. हात नेमका कुठे घालायचा, याचे उत्तर १९५० नंतर बदलत गेले. त्या बदलाचे मूळ कधीच बाजारात न आलेल्या एका गाडीत आहे.

त्याआधीच्या अनेक मोटारींत पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असत आणि चाक किंगपिनभोवती वळत असे. या सांध्यांना ग्रीसचे निपल असत. कुरकुर ऐकू आली की पहिला संशय कोरड्या सांध्यावर जाई. ग्रीसगन लावली आणि आवाज थांबला, तर निदान आणि उपचार एकदमच होत. मुंबईची प्रीमियर पद्मिनी ही याच घराण्यातली, मुळात फियाट ११००. वेळच्या वेळी ग्रीसिंग करणे हा तिच्या देखभालीचा नित्यक्रमच होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जनरल मोटर्सने शेव्हरोलेसाठी छोट्या गाडीचा प्रकल्प हाती घेतला. नाव ‘कॅडेट’, किंमत हजार डॉलरच्या आत ठेवायची, आणि अभियांत्रिकीची सूत्रे अर्ल मॅकफर्सन यांच्याकडे. त्यांनी वरचा आर्म काढूनच टाकला. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा उभा खांब केला, त्याच्याभोवती स्प्रिंग बसवली, आणि खांबाचे वरचे टोक थेट बॉडीला जोडले. १९४७ मध्ये कंपनीने प्रकल्प गुंडाळला. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले, आणि १९५० मध्ये ब्रिटनमध्ये बनलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये त्यांचा स्ट्रट दिसला. (पहिला मान फ्रान्सच्या ‘व्हडेट’ला देण्याची चूक वारंवार होते. त्या गाडीत आधी विशबोनच होते. ती सिम्काकडे गेल्यावर १९५४ मध्ये तिला स्ट्रट मिळाला.)

सुटे भाग कमी झाले, इंजिनासाठी जागा वाढली. पण खांबाचे टोक बॉडीत बसल्याने पत्रा ढोलासारखा वाजू लागला. खालच्या बाजूला झिजलेल्या लिंकची खटखट चालकाला थेट डॅशबोर्डमागून ऐकू येते. कान फसतो, म्हणून एकाने गाडी दाबून हलवायची आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवून ठोका शोधायचा, ही जुनी युक्ती स्ट्रटच्या गाडीत अधिकच कामाची ठरली.

काही आवाज तर या रचनेबरोबरच जन्माला आले. स्टिअरिंग फिरवले की स्ट्रटही फिरतो, म्हणून त्याच्या माथ्यावर बेअरिंग लागते. ते जाम झाले की स्प्रिंग पिळली जाते आणि मग ‘टंग्’ करून सुटते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला, तर तो झटका हाताला कळतो. सुरुवातीच्या फोर्डमध्ये अँटी-रोल बारच खालच्या आर्मला पुढेमागे सरकण्यापासून रोखत असे. त्याचे रबर सैल झाले की ब्रेक मारताना एकच जड ठोका बसे. पुढे ग्रीसच्या निपलांची जागा बऱ्याच ठिकाणी रबरी बुश आणि सीलबंद बॉल जॉइंटनी घेतली. कोरड्या बुशवर पाणी मारले की करकर थोडा वेळ थांबते. पावसाळ्यात ‘आपोआप बरी झालेली’ गाडी दिवाळीत पुन्हा कुरकुरते ती त्यामुळेच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तीही पुढे स्ट्रट घेऊन. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीवर तयार झालेल्या हातांपुढे आता वेगळी गाडी होती. सर्वांत नाजूक प्रश्न जॅकचा. ज्या गाड्यांत स्प्रिंगचा जोर खालच्या आर्मवर असतो, तिथे चाकाच्या सांध्यांवरचा भार काढण्यासाठी जॅक त्या आर्मखालीच लावावा लागतो. स्ट्रटच्या गाडीत तीच सवय घातक ठरते. आर्मखाली जॅक लावला की बॉल जॉइंट दाबला जातो आणि त्यातला खेळ लपतो. इथे जॅक बॉडीखाली हवा, चाक लोंबकळते हवे. मग टायर वर-खाली धरून हलवायचे आणि आर्मला टॉमीने उचकून पाहायचे. टायर हलवताना दुसऱ्याने ब्रेक दाबला आणि खेळ नाहीसा झाला, तर दोष जॉइंटचा नसून चाकाच्या बेअरिंगचा.

सीलबंद जॉइंटचे रबर फाटले की आत पाणी आणि धूळ शिरते, आणि ग्रीस भरायला निपलही नसतो. तो जॉइंट निखळला, तर चाकाचा खालचा आधार चालत्या गाडीत सुटतो.