शिवार कागदावर मावताना

कडोलीच्या शिवारातील बांध कोणी कागद पाहून घातले नाहीत. ओढा वळला तसा बांध वळला, जमीन उतरत गेली तशा ताली पडल्या आणि भावाभावांत वाटण्या झाल्या तसे पोटहिस्से पडत गेले. तरीही गेली पावणेदोनशे वर्षे या जमिनीचा निवाडा कागदावरच होत आला आहे. सीमाभागातील आपल्या जुन्या घराण्यांच्या पेट्यांतून सनदा, उतारे आणि वाटणीपत्रे यांच्यासोबत घड्या पडलेले नकाशेही निघतात. या नकाशात आपला सर्व्हे नंबर कोठे आहे, हे सारेच पाहतात. जमीन किती पटींनी लहान करून त्या कागदावर बसविली आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आता नकाशा संगणकाच्या पडद्यावर उघडतो आणि एक कळ दाबताच हव्या त्या आकाराच्या कागदावर छापून मिळतो. अशा वेळी या दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शिवकाळात जमीन काठीने मोजली जाई. सभासदाने सांगितल्याप्रमाणे पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर होई. आपल्या या भागात कुरगीचे मापही चालत असे. कुरीने दिवसभरात जेवढी जमीन पेरून होईल तेवढी ती कुरगी. या मापांना नकाशाची गरज नव्हती. माप जमिनीवर राही, आणि त्याची साक्ष गावच्या जाणत्या माणसांच्या स्मरणात व मोडीतल्या नोंदींत राही.

कंपनी सरकारच्या महसुली मोजणीने ही रीत बदलली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात जी पद्धत सुरू केली, ती पुढील दशकात धारवाड-बेळगावकडे आली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. या मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा बरोबर एक एकर होतो. गावनकाशा काढताना वीस साखळ्यांना एक इंच हे प्रमाण रूढ झाले. वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट. म्हणून हे प्रमाण १:७९२० असे लिहिले जाते. या निवडीमागील व्यवहारज्ञान पाहण्यासारखे आहे. ६६० फुटांचा चौरस बरोबर दहा एकरांचा होतो. तेव्हा कागदावरील एक चौरस इंच म्हणजे दहा एकर, हा हिशेब कारकुनाला तोंडी करता येई. दोन हजार एकरांचे गाव दोनशे चौरस इंचांत, म्हणजे साधारण चौदा इंची चौरसात बसे. चावडीत बैठकीवर पसरता यावा आणि गुंडाळून दप्तरात ठेवता यावा, असा तो कागद होता.

कागदाची मर्यादा मोठ्या नकाशांनाही सुटली नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांत मैलाला एक इंच हे प्रमाण असे. त्यात एका चौरस इंचात ६४० एकर मावतात. दोन हजार एकरांचे गाव तेथे जेमतेम तीन चौरस इंचांचे उरते. शिवाय पत्रकाची कड अक्षांश-रेखांशांवर ठरते. सोळाव्या अक्षांशाच्या दक्षिणेकडील बेळगाव '४८ आय' या पत्रकमालेत पडते आणि उत्तरेकडील निपाणी '४७ एल' मध्ये. ज्या दोन गावांत आपली सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती दोन्ही गावे या पत्रकांच्या एका कागदावर कधी आली नाहीत!

गावनकाशा हा गावाची रचना दाखवण्यासाठी होता, बांधाचा तंटा तोडण्यासाठी नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलीची रेघ १:७९२० या प्रमाणात जमिनीवर जवळपास चार मीटर, म्हणजे तेरा फूट रुंद होते. तेरा फुटांच्या रेघेवर बांधाचा निकाल कसा लावणार? त्यासाठी टिप्पण असे. शंकू व साखळी घेऊन मोजणीदार शेतात उतरे, हाताने आकृती काढी आणि प्रत्येक बाजूपाशी साखळ्या व आणे आकड्यांत लिही. ही आकृती प्रमाणबद्ध नसे. तरी तिची नक्कल लहान झाली, मोठी झाली किंवा पावसाळी हवेने कागद आक्रसला, तरी लिहिलेला आकडा बदलत नसे. नकाशाचे माप कागदावर अवलंबून राहते. टिप्पणाचे माप राहत नाही. या दोहोंतील हा भेद आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

नकला काढण्याच्या जुन्या पद्धतीत प्रमाण सहसा बिघडत नसे. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या निळ्या छापाच्या पद्धतीत मूळ रेखाटन कागदाला भिडवूनच नक्कल निघे. म्हणून ती मूळ आकाराचीच असे. झेरॉक्स यंत्राने लहान-मोठे करण्याची सोय घरोघर पोहोचवली आणि तेथून घोटाळा सुरू झाला. आजचे ए-३, ए-४ हे कागद जर्मनीत १९२२ साली वॉल्टर पोर्स्टमान यांच्या प्रयत्नाने ठरलेल्या मापांचे आहेत. ए-० चे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो मधोमध दुमडत गेले की ए-१, ए-२, ए-३, ए-४ मिळतात आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर तेच राहते. म्हणून ए-३ वरचा नकाशा ए-४ वर अगदी नेटका बसतो. पण प्रत्येक रेघ ७१ टक्के होते, आणि क्षेत्र निम्मे होते. ६६० फूट लांब व २६४ फूट रुंद असे चार एकरांचे शेत जुन्या नकाशात एक इंच लांब व चार दशांश इंच रुंद असते. या नकलेवर पट्टी ठेवून तोच जुना हिशेब केला, तर ते दोन एकर भरते. कोपऱ्यात मात्र 'एक इंचास वीस साखळ्या' हे शब्द जसेच्या तसे छापलेले असतात.

संगणकीय आरेखनाने हा प्रश्न उलटा केला. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडसारख्या प्रणालीत शेत खऱ्या मापानेच काढतात. ६६० फुटांची बाजू तेथे ६६० फूटच असते. प्रमाण ठरते ते छापताना. समजा, तीन किलोमीटर लांब-रुंद असलेले शिवार १:१०,००० या प्रमाणात छापायचे आहे. या प्रमाणात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर, इतका हिशेब सोपा. कागदावर हे शिवार ३० सेंटिमीटरचे होते. ए-३ ची आखूड बाजू २९.७ सेंटिमीटर आहे. तीन मिलिमीटर कमी पडले! जाणता आरेखक अशा वेळी ए-२ कागद घेतो किंवा नकाशा दोन भागांत छापतो. घाईतला माणूस 'कागदाला बसव' ही कळ दाबतो. समास सोडून प्रमाण १:१०,५०० च्या आसपास कोठेतरी थांबते. नकाशा सुबक दिसतो, पण त्यावर ठेवलेली पट्टी खोटे बोलते.

सीमाभागात या गोष्टीला अधिक धार आहे. महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहेत, कर्नाटकाच्या पहाणीपत्रकावर एकर-गुंठे. चंदगडकडे आणि बेळगाव तालुक्यात अशी दोन्हीकडे जमीन असलेल्या कुटुंबांना दोन मापे आणि दोन भाषा सांभाळाव्या लागतात. कर्नाटकात २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेत पहाणीपत्रके संगणकावर आली. मोजणीच्या कामासाठी पुढे आलेल्या प्रणालीचे नावही 'मोजिणी' असे आपल्या कानाला ओळखीचे आहे. टिप्पण, आकारबंद, हिस्सा हे शब्द कानडी दप्तरातही टिकून आहेत. भाषा बदलली तरी जुन्या मोजणीची शब्दसंपत्ती दोन्हीकडची सामाईक राहिली.

म्हणून आमची विनंती साधी आहे. वाटणी असो, विक्री असो किंवा रस्त्यासाठी येणारी भूसंपादनाची नोटीस असो, हाती आलेल्या नकाशावरील प्रमाणाच्या शब्दांवर विसंबू नये. नकाशात प्रमाणरेषा आहे का, ते प्रथम पाहावे. ही रेषा नकाशासोबतच आखडते आणि वाढते. म्हणून नक्कल कशीही निघाली तरी तिच्यावरून खरे माप काढता येते. ती नसेल, तर ज्याची लांबी पक्की ठाऊक आहे अशी एक बाजू मोजून प्रमाण पडताळावे. वाटणीपत्राला नकाशा जोडताना प्रत्येक बाजूची लांबी आकड्यांत लिहून घ्यावी आणि प्रमाणरेषा काढून घ्यावी. घरातील जुना नकाशा स्कॅन करायचा असल्यास त्याशेजारी पट्टी ठेवूनच करावा, आणि मूळ कागद फेकू नये. मोडी वाचणारा एखादा वडीलधारा घरात असेल, तर टिप्पणावरील साखळ्या व आणे त्याच्याकडून आताच उतरवून घ्यावेत. पुढच्या पिढीला नकाशा पडद्यावर सहज मिळेल. ते आकडे वाचून दाखवणारा माणूस मिळेलच असे नाही.