वीस एकरांतलं टिवोली

कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की टिवोली येतं. जेमतेम वीस एकरांची बाग आणि चहूकडे शहर. पाय पसरायला जागाच नाही. त्यामुळे नवं काही आणायचं तर ते जुन्याच्या कुशीत बसवावं लागतं, आणि या उद्यानाच्या आधुनिकीकरणाची सगळी गंमत या अडचणीतच आहे.

गेओर्ग कार्स्टेन्सनने १५ ऑगस्ट १८४३ रोजी ही बाग सुरू केली. लोक करमणुकीत रमले की राजकारणाच्या फंदात पडत नाहीत, असं पटवून त्याने राजा आठवा ख्रिश्चन याच्याकडून परवाना मिळवला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. राजाला पटावी अशी मात्र नक्कीच आहे. जमीन मिळाली ती तटबंदीलगतची, लष्कराची. बागेतलं आजचं तळं म्हणजे त्या वेळच्या खंदकाचा उरलेला तुकडा.

१९१४ साली इथे लाकडी रोलरकोस्टर आला. तो आजही धावतो, आणि प्रत्येक गाडीत ब्रेकवाला बसतो. उतारावर गाडी किती सोडायची आणि कुठे आवरायची हे हा माणूस हातातल्या दांड्याने ठरवतो. अशा राइडवर स्वयंचलित यंत्रणा बसवून पगार वाचवणं हाच कुठल्याही व्यवस्थापकाचा पहिला विचार असता. टिवोलीने ब्रेकवाला ठेवला. बरंच केलं.

मोठी परीक्षा आली दुसऱ्या महायुद्धात. जर्मनांनी डेन्मार्क व्यापलेला, रात्री सक्तीचा अंधार, आणि टिवोलीचा धंदा तर दिव्यांच्या रोषणाईवर चालणारा. पॉल हेनिंगसेन १९४१ मध्ये टिवोलीचा मुख्य वास्तुरचनाकार झाला. डोळ्यांत न खुपणाऱ्या दिव्यांसाठी तो आधीच प्रसिद्ध होता. त्याने असा दिवा घडवला की खालच्या वाटेवर उजेड पडायचा, पण वरून जाणाऱ्या विमानाला तो दिसायचा नाही. बाग मध्यरात्रीपर्यंत उघडी राहू लागली. शंभरी साजरी करताना, १९४३ मध्ये, फुग्यांसारखे पाळणे असलेलं चक्रही उभं राहिलं.

पुढच्याच वर्षी, जून १९४४ मध्ये, नाझींच्या बाजूच्या घातपाती टोळीने स्फोट घडवले. कॉन्सर्ट हॉल आणि काचगृह बेचिराख झालं. तरी काही आठवड्यांतच दारं पुन्हा उघडली. काचगृह हेनिंगसेननेच १९४६ मध्ये नव्याने बांधलं. कॉन्सर्ट हॉलला १९५६ साल उजाडलं.

मधल्या काळात, १९५१ मध्ये, वॉल्ट डिस्ने इथे येऊन गेला. त्याचं डिस्नेलँड १९५५ चं. आधुनिक मनोरंजन उद्यानाची गोष्ट कॅलिफोर्नियापासून सांगायची सवय जगाला लागली आहे, पण तिथला कर्ताधर्ता आधी या बागेत फिरून गेला होता.

नंतरचे बदल धंद्याच्या हिशेबातून झाले. टिवोली मुळात उन्हाळ्यातली बाग, हिवाळाभर कुलूप. १९९४ मध्ये नाताळचा हंगाम सुरू झाला आणि बर्फाच्या दिवसांतही तिकीटखिडकीवर गर्दी दिसू लागली. २००४ मध्ये ‘डेमोनेन’ हा पोलादी रोलरकोस्टर आला. ही गाडी माणसांना तीनदा उलटं करते, आसनांखाली फरशी नाही, पाय हवेत लोंबतात. तिचे रूळ त्याच चिंचोळ्या जागेत वळवून वळवून बसवले आहेत, आणि २०१७ मध्ये स्वारांच्या डोळ्यांवर आभासी दृश्यांचे चष्मेही आले. जुन्या लाकडी गाडीतला ब्रेकवाला तोवर आपल्या दांड्यापाशीच होता.