पशुखाद्यांचे वर्गीकरण
जनावरांच्या खाद्यांची पोषणमूल्यांनुसार केलेली विभागणी. तिचा पाया 1860 च्या दशकात जर्मनीतील वेंडे येथील पृथक्करण पद्धतीने घातला. तीत खाद्यातील पाणी, राख, कच्ची प्रथिने, स्निग्धांश व कच्चा तंतू मोजतात आणि उरलेला भाग नत्रविरहित अर्क धरतात. तुलना नेहमी शुष्कांशावर करावी, कारण हिरव्या चाऱ्यात सुमारे 75 ते 80 टक्के पाणीच असते.

शुष्कांशात 18 टक्क्यांहून अधिक कच्चा तंतू असलेली खाद्ये म्हणजे वैरण, त्याहून कमी असलेली म्हणजे खुराक. ज्वारीचा कडबा आणि लसूणघास दोन्ही वैरणच. पण कडब्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के, तर लसूणघासात 18 ते 20 टक्के. म्हणून ‘वैरण’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. द्विदल आणि एकदल हा पोटभेद महत्त्वाचा आहे. 20 टक्क्यांहून कमी प्रथिने असलेला खुराक ऊर्जाप्रधान (मका, भाताचा कोंडा, मळी), अधिक असलेला प्रथिनप्रधान (भुईमूग व सोयाबीनची पेंड). न सोललेल्या सरकीची पेंड मात्र भरपूर तंतूमुळे या चौकटीत नीट बसत नाही. खनिज मिश्रणे आणि जीवनसत्त्वे पूरक गटात येतात.

कच्च्या तंतूच्या मोजणीत लिग्निनचा काही भाग निसटतो. ही उणीव भरून काढण्यासाठी पीटर व्हॅन सोस्ट यांनी 1960 च्या दशकात अपमार्जक तंतू पद्धत विकसित केली. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या वैरणीसाठी आज तीच अधिक भरवशाची मानली जाते.