मोठा हिरा घेताना प्रमाणपत्र कसे वाचावे?

महाड, पोलादपूर परिसरातील एखाद्या कुटुंबाने लग्नकार्यासाठी एक कॅरेट वा त्याहून मोठा हिरा घ्यायचे ठरवले, की पावले बहुधा मुंबईच्या झवेरी बाजाराकडे वळतात. दागिन्यावरील हॉलमार्क केवळ सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो. हिऱ्याच्या दर्जाशी त्याचा संबंध नसतो. हिऱ्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचा प्रतवारी अहवाल पाहावा लागतो. त्यालाच बाजारात प्रमाणपत्र म्हणतात.

या अहवालात वजन, रंग, शुद्धता आणि पैलू या चार गोष्टींची नोंद असते. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. एक कॅरेटचा टप्पा गाठताच प्रति कॅरेट भाव एकदम चढतो. त्यामुळे ०.९८ आणि १.०० कॅरेटच्या हिऱ्यांत नजरेला फरक दिसत नसला, तरी किमतीत तो जाणवतो. रंगाची श्रेणी 'डी' या रंगहीन प्रतीपासून 'झेड'पर्यंत उतरते. शुद्धतेच्या 'एफएल' ते 'आय ३' अशा अकरा पायऱ्या असून ती दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून ठरविली जाते. हिऱ्याची चमक मुख्यतः पैलूंवर अवलंबून असते. मात्र अमेरिकेतील जीआयए ही संस्था पैलूंची एकूण श्रेणी गोल 'ब्रिलियंट' हिऱ्यांनाच देते.

अहवाल कोणाचा, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. १९३१ मध्ये स्थापन झालेली जीआयए आणि १९७५ मध्ये अँटवर्प येथे सुरू झालेली आयजीआय या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. प्रतवारी माणसाच्या नजरेने होत असल्याने एकाच हिऱ्याला दोन प्रयोगशाळा वेगवेगळी श्रेणी देऊ शकतात. याच कारणावरून २०१४ मध्ये 'रॅपनेट' या आंतरराष्ट्रीय हिरे बाजाराने 'ईजीएल' नावाच्या अहवालांसह येणाऱ्या हिऱ्यांची नोंद बंद केली होती. म्हणून दोन हिऱ्यांच्या किमतींची तुलना करताना दोन्ही अहवाल एकाच संस्थेचे असावेत.

अहवालातील 'शेरा' हा भाग अनेकजण वाचतच नाहीत. रंग वा शुद्धता वाढविण्यासाठी केलेली प्रक्रिया, तसेच आकृतीत न दाखविलेले ढगाळ डाग यांचा उल्लेख तेथे सापडतो. हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत तयार झालेला, हेही अहवालावरून स्पष्ट व्हायला हवे. दोन्ही रासायनिकदृष्ट्या हिरेच असले, तरी कृत्रिम हिरा बराच स्वस्त असतो आणि त्याची पुनर्विक्री किंमत फारच कमी येते. जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून अशा हिऱ्यांना रंग-शुद्धतेच्या नेहमीच्या श्रेणी देणे थांबवून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले आहेत.

कागद खरा असला, तरी तो समोरच्याच हिऱ्याचा आहे का, याची खात्री करून घ्यावी. अनेक हिऱ्यांच्या कमरेवर अहवाल क्रमांक लेसरने कोरलेला असतो. तो भिंगातून वाचून संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंदीशी जुळवावा. वजन आणि मिलिमीटरमधील मापेही ताडून पाहावीत. दागिन्यात जडविलेल्या हिऱ्याचे अचूक वजन करता येत नाही, त्याचा रंगही नीट ठरविता येत नाही. त्यामुळे मोठा हिरा शक्यतो सुटा पाहून मगच घडणावळीस द्यावा.

हा अहवाल किमतीचे मूल्यांकन नव्हे, हे ध्यानात ठेवणे हिताचे. बिलावर अहवाल क्रमांक, वजन, श्रेणी, नैसर्गिक की कृत्रिम हा उल्लेख आणि परतीच्या अटी लिहून घ्याव्यात. फसवणूक झाल्यास हेच बिल पुरावा ठरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातही दाद मागू शकतो. मुंबईत खरेदी केलेल्या महाड-पोलादपूरच्या ग्राहकालाही त्यामुळे अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.