ब्रीडिंगच्या कुत्र्याला प्रोस्टेटचा त्रास? आधी ‘बॅकअप’, मग ऑपरेशन

फोन रीसेट करण्याआधी आपण फोटोंचा बॅकअप घेतो. ब्रीडिंगसाठी ठेवलेल्या नर कुत्र्याचाही असा बॅकअप घेता येतो, तो म्हणजे वीर्य गोठवून ठेवणं. तो कधी घ्यायचा हे मला उशिरा कळलं, म्हणून हा लेख.

माझं काय चुकलं?

आम्ही अमरावतीचे. आमचा लॅब्रॅडोर शेरा सात वर्षांचा असताना फरशीवर रक्ताचे बारीक थेंब दिसू लागले. शी करताना तो फार कुंथायचा. काका म्हणाले, “पोट साफ नसन त्याचं, एरंडेल पाज त्याले.” मीही तेच करत बसलो. तीन महिन्यांनी ताप आला, खाणं सुटलं, तेव्हा त्याला अकोल्याला नेलं. सोनोग्राफीत प्रोस्टेटमध्ये पू दिसला. जीव वाचवायला ऑपरेशन आणि खच्चीकरण करावंच लागलं. शेरा आज ठणठणीत आहे, पण त्याचं एकही पिल्लू नाही आणि आता होणारही नाही.

प्रोस्टेट का वाढते?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. वीर्यातला पातळ द्रव ती बनवते. नर संप्रेरकांमुळे ती वयासोबत वाढत जाते. खच्चीकरण न केलेल्या, पाच-सहा वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांत ही वाढ सापडते. हा कॅन्सर नाही, पण पुढे त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

माणसात प्रोस्टेट वाढली की लघवी अडते. कुत्र्यात ती बहुधा आतड्यावर दाबते, म्हणून ही लक्षणं दिसतात:

• कुंथणं, चपटी, फितीसारखी शी
• लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब
• वीर्यात रक्त
• ताप आणि पोटदुखी असेल तर संसर्गाची शंका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा

इथे फोन खरंच कामाचा आहे. कुंथतानाचा व्हिडिओ आणि थेंबांचे तारखेसह फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. निदान मात्र तपासणी आणि सोनोग्राफीनेच होतं, ॲपने नाही.

वीर्य कसं गोठवतात?

आपल्या वऱ्हाडात गाई-म्हशींच्या ‘कांड्या’ सगळ्यांना माहीत आहेत. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ २००२ मध्ये सुरू झालं तेच अकोल्यात मुख्यालय घेऊन. कुत्र्याचं तंत्र साधारण तसंच आहे. गंमत म्हणजे १७८० मध्ये इटलीच्या स्पालान्झानी यांनी कृत्रिम रेतनाचा गाजलेला प्रयोग कुत्रीवरच केला होता.

१. कुत्र्याचं वीर्य तीन टप्प्यांत येतं. मधला, शुक्राणूंचा भाग घेतात. शेवटचा प्रोस्टेटचा द्रव शक्यतो वेगळा ठेवतात.
२. मायक्रोस्कोपखाली शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार तपासतात.
३. अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असलेलं द्रावण मिसळतात. त्यामुळे गोठताना पेशी कमी फुटतात.
४. बारीक कांड्यांत भरून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात.

नायट्रोजन सतत उडत असतो. टाकी वेळेवर भरली नाही तर सगळ्या कांड्या वाया जातात. म्हणून ती कोण भरणार आणि वर्षाचा खर्च किती, हे आधीच विचारून घ्या.

वितळवलेले शुक्राणू जेमतेम दिवसभर टिकतात, ताजे बरेच दिवस. त्यामुळे कुत्री माजावर आल्यावर प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करून नेमकी वेळ ठरवतात आणि बहुधा थेट गर्भाशयात रेतन करतात.

मग बॅकअप कधी?

कुत्रा तरुण आणि निरोगी असताना. रक्त किंवा संसर्ग असलेलं वीर्य नीट गोठत नाही. करप्ट फाइलचा बॅकअप घेऊन काय फायदा? साधी वाढ असेल तर अजून संधी असते. फिनास्टेराइडसारखी औषधं ग्रंथी आक्रसवतात आणि शुक्राणू सहसा शाबूत राहतात. हे औषध डॉक्टरांनीच ठरवायचं, मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही. खच्चीकरणाने ग्रंथी काही आठवड्यांत लहान होते, पण पुन्हा वीर्य मिळत नाही.

सगळ्यांनी करावं का?

नाही. कुत्रा लाडका आहे, एवढं कारण पुरेसं नाही. खुब्याचे सांधे, आनुवंशिक आजार आणि ब्रुसेला यांची तपासणी नीट आली तरच विचार करा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडिंगच्या व्यवसायाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणीही लागते. ब्रीडिंग करायचंच नसेल तर वेळेवर खच्चीकरण हाच सोपा मार्ग.

सल्ल्यासाठी माफसूची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था अकोल्यातच आहे. कुत्र्याचं वीर्य गोठवण्याची सोय मात्र मोजक्याच ठिकाणी असते, तेव्हा निघण्याआधी फोन करा.

तुमच्या घरी पाच वर्षांवरचा नर असेल तर आजच फोनमध्ये रिमाइंडर लावा: वर्षातून एकदा प्रोस्टेट तपासणी. मी तो लावला नव्हता.